ऑफ-रोड गाडीची चेन सारखी सैल होते: कारणं, तपासणी आणि स्प्रॉकेटची निवड

तक्रार एकच असते, फक्त गाडी बदलते. पावसाळ्यात ताम्हिणी, राजमाची, वेल्ह्याकडचा मढे घाट असं फिरून झालं की चेन सैल पडायला लागते. शनिवारी ताणून घेतली तरी बुधवारी कर्वे रोडच्या सिग्नलवरून गाडी काढताना पुन्हा खडखड. मेकॅनिक वाकून एकदा चेन हलवून बघतो आणि सांगतो, "दादा, सेट गेलाय, नवीनच टाका." नवीन सेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे तिची पुढची-मागची दातेरी चाकं) पडतो, काही महिने बरे जातात आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत पुन्हा तेच रडगाणं.

सेट इतक्या लवकर जातो याचं कारण बहुतेक वेळा सेटमध्ये नसतंच. चेन गरजेपेक्षा जास्त ताणलेली असते, मागचं चाक तिरकं बसलेलं असतं, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली चिखल साचलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून भलतेच दाते बसवलेले असतात. ते कारण न शोधता तिसरा सेट टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून खालची तपासणी जुना सेट गाडीवर असतानाच करा. तो काढून भंगारात गेला की कारण शोधायचा पुरावाही गेला.

हात घालण्याआधी एक सांगतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि स्टँडवर. पहिला गिअर टाकून चाक फिरत ठेवायचं आणि चेनला कापड लावायचं, ही पद्धत अजूनही अनेक गॅरेजांत दिसते. त्यात कापड ओढलं जातं आणि कापडासोबत बोटं जातात. चाक हातानेच फिरवा, कितीही वेळ लागू दे.

सैल म्हणजे नेमकं काय होतंय?

"चेन सैल होते" या एका तक्रारीखाली चार वेगवेगळे दोष येतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. इथेच गल्लत होते, म्हणून या भागाला वेळ द्या.

सगळ्यात सोपी शक्यता आधी तपासा: चाकच पुढे सरकतंय का? अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट पुरेसा आवळलेला नसेल किंवा अ‍ॅडजस्टरचे (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या स्क्रूचे) चेक नट दगडांवरच्या हादऱ्यांनी ढिले झाले असतील, तर चाक थोडं थोडं पुढे येतं आणि चेन सैल पडते. अशा वेळी चेनचा काहीच दोष नसतो. चेन ताणून झाली की नट आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यावरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा, अ‍ॅडजस्टरलाही तशीच. पुढच्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर उत्तर मिळालं. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळा. पायाने पान्यावर उभं राहणं म्हणजे टॉर्क नव्हे. त्यात आटे जातात.

दुसरी शक्यता, चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. चाक हळूहळू फिरवत खालच्या बाजूची चेन पाच-सहा ठिकाणी बोटाने वर-खाली करून बघा. फरक जाणवला तर खडू घ्या. चाकाच्या रिमवर एक खूण आणि चेनच्या एका कडीवर एक खूण करा. आता ताठ जागा किती फेऱ्यांनी परत येते ते मोजा. चाकाच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर मागचं स्प्रॉकेट वाकलंय, नीट मध्यावर बसलेलं नाही किंवा हबच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय. चेनच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर दोष चेनमध्ये आहे. मागे ४० दाते आणि चेनला १०८ कड्या धरल्या तर चेनची एक फेरी व्हायला चाकाला २.७ फेऱ्या लागतात, त्यामुळे दोन्हींत घोळ होत नाही. चेनमध्ये दोष असेल तर जाम झालेल्या कड्या डोळ्यांनी दिसतात: चाक उलट्या दिशेने फिरवताना मागच्या स्प्रॉकेटला वळसा घालून कडी खालच्या बाजूला सुटते तेव्हा ती सरळ व्हायला हवी, जाम कडी तशीच वाकलेली पुढे जाते. एक-दोन कड्या असतील तर रॉकेल आणि ऑइल देऊन, बोटांनी हलवून मोकळ्या होतात. अशा कड्या जागोजाग असतील तर ती चेन कितीही वेळा अ‍ॅडजस्ट केली तरी उपयोग नाही, कारण सैल जागेप्रमाणे ताणली की ताठ जागी ती जीवघेणी ताठ होते.

तिसरी शक्यता म्हणजे फक्त झटका. अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दिला की मागून 'ठक्' असा धक्का येतो आणि आपण चेनला दोष देतो. चाक एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. ते सहज हलत असेल तर हबमधले (चाकाच्या मध्यभागातले) धक्के झेलणारे डॅम्पर रबर दबून निकामी झालेत. रबर बदला. चेनच्या मानाने खर्च किरकोळ आहे आणि रबर खराब असताना घातलेल्या नव्या चेनला पहिल्या दिवसापासून तेच धक्के बसतात.

हे तिन्ही नसेल तर उरते खरी झीज. ती मोजता येते, अंदाजावर जाऊ नका. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे घड्याळात तीन वाजतात तिथे, चेन चिमटीत धरून मागे ओढा. दात्याचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर सेट संपला. त्याहून पक्कं मोजमाप हवं असेल तर चेनची खालची बाजू हाताने ताणून सरळ धरा आणि २१ पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत २० कड्या होतात. ४२८ नंबरच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे २० कड्या २५४ मिलिमीटर. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्हींची कडी १५.८७५ मिलिमीटरची, म्हणजे २० कड्या ३१७.५ मिलिमीटर. यात २ टक्के वाढ झाली, म्हणजे अनुक्रमे २५९ आणि ३२४ मिलिमीटरच्या आसपास माप आलं, की ती चेन वापरू नये. मी १ टक्क्यावरच नवीन सेटची तयारी सुरू करतो, कारण घाटात उतारावर चेन उतरली तर ती चाकात अडकून चाक जाम करू शकते. हे माप दोन-तीन वेगवेगळ्या जागी घ्या आणि सगळ्यात मोठं माप खरं धरा.

चेन लांबते ती पोलाद ताणलं गेल्यामुळे नाही. प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये फिरते, फिरताना दोघी झिजतात आणि बारीकशी फट वाढते. सांध्यामागे दशांश मिलिमीटर झीज धरली तरी १०८ कड्यांत ती एक सेंटिमीटरच्या वर जाते. ओ-रिंग आणि एक्स-रिंग चेनमध्ये कारखान्यातच पिन-बुशच्या मध्ये ग्रीस भरून बाजूला रबरी रिंग बसवलेली असते. ती रिंग शाबूत आहे तोवर चेन टिकते. रिंग फाटली, ग्रीस निघालं आणि माती आत शिरली की बाहेरून कितीही ऑइल ओता, आत पोचत नाही. पुढचं सगळं या रिंगेला जपण्याबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता कारणं

माझ्या मते पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणजे चेन जास्त ताणणं. पुण्यात रोज शेकडो कम्यूटर गाड्या हाताळणारा मेकॅनिक सवयीने २०-२५ मिलिमीटर खेळ (चेन वर-खाली हलते तेवढं अंतर) ठेवतो. त्या गाड्यांना ते योग्यच आहे. पण ऑफ-रोड गाडीचं मागचं सस्पेन्शन खूप जास्त वर-खाली होतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्म ज्यावर फिरतो तो पिव्हट बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. स्टँडवर चाक लटकत असताना ते अंतर कमी असतं. म्हणून स्टँडवर छान ताठ वाटणारी चेन, गाडी दगडावरून खाली आदळली की तारेसारखी ताणली जाते. तो सगळा ताण चेनवर, गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि हबच्या बेअरिंगवर जातो. चेन लवकर लांबते, मग सैल वाटते, मग आपण आणखी ताणतो. सैल होण्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत मुळात चेन ताठ ठेवलेली होती, हे वारंवार बघायला मिळतं. पुढच्या स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर या कारणावर संशय घ्याच.

यावर उपाय असा. तीन माणसं गोळा करा. दोघांनी गाडीवर बसून सस्पेन्शन दाबायचं, तिसऱ्याने बाजूने बघत ते तीन बिंदू एका रेषेत आले की "थांबा" म्हणायचं. माणसं कमी पडली तर रॅचेट बेल्टने मागचं टोक खाली ओढून धरता येतं. त्या अवस्थेत चेनला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खेळ उरायला हवा. तेवढा ठेवून नट आवळा, मग गाडी पुन्हा मोकळी स्टँडवर घेऊन स्विंगआर्मच्या मध्याजवळचा खेळ मोजा. हा तुमच्या गाडीचा आकडा. साधारणपणे तो ३५ ते ५० मिलिमीटरच्या पट्ट्यात येतो, काही गाड्यांना त्याहूनही जास्त. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत कंपनीने दिलेला आकडा असतो, तो याच्याशी जुळवून बघा. पुढच्या वेळेपासून तेवढं मोजलं की पुरे. चेन खाली लोंबतेय असं दिसेल आणि गॅरेजमध्ये कुणीतरी "ताणून देऊ का?" विचारेलच. नको म्हणा. तपासणीत ताठ जागा सापडली असेल तर सगळी मापं त्या जागेवर घ्यायची.

दुसरं कारण चिखल, आणि तो आपल्याकडे खास प्रकारचा आहे. जुलैमध्ये मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात भातलावणी चालू असते. खाचरांत चिखलणी करून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांच्या लोखंडी चाकांतून निसटलेला चिकट गाळ डांबरी रस्त्यावरही जागोजाग पसरलेला असतो. तो चेनने उडवला जातो आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये जाऊन बसतो. घाटातून उतरताना इंजिनची उष्णता त्याला सुकवते, दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. बाहेरून गाडी धुतली की स्वच्छ दिसते. कव्हरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि आत बघा: भाजलेल्या विटेसारखी कडक भिंत तयार झालेली असते आणि तिच्यावर चेनच्या पट्ट्यांनी घासून गुळगुळीत केलेला खोलगट पट्टा दिसतो. त्यात मुरमाचे बारीक खडेही रुतलेले असतात. म्हणजे चेन दर फेरीला त्या खड्यांवर घासून जात होती. रिंगा तिथे फाटतात. पावसाळ्यात प्रत्येक चिखलातल्या राइडनंतर हे कव्हर उघडून लाकडी काडीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने आतलं सगळं काढा. स्क्रूड्रायव्हर वापरला तर सीलच्या ओठाला टोक लागू देऊ नका.

उन्हाळ्यात चिखलाची जागा मुरमाची धूळ घेते. बेसाल्टचा मुरूम कडक असतो. चेनवर ऑइल जास्त झालं असेल तर धूळ त्याला चिकटते आणि तो काळा लेप रोलर आणि दाते दोन्ही खरवडतो. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात ऑइल कमी आणि पुसणं जास्त, आणि पावसाळ्यात ऑइल वारंवार, असा हिशेब ठेवा.

तिसरं कारण, अर्धा सेट बदलणं. फक्त चेन नवीन आणि स्प्रॉकेट जुनी, किंवा फक्त पुढचं स्प्रॉकेट नवीन. लांबलेल्या चेनने दात्यांचा आकार बदललेला असतो; त्यावर नवीन चेन घातली की रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर चढतो आणि नवीन चेनही थोड्याच दिवसांत जुन्या मापाला येते. पैसे वाचत नाहीत. एकच अपवाद मला मान्य आहे: चेन अजून १ टक्क्याच्या आत असेल आणि पुढचं स्प्रॉकेट झिजलं असेल तर तेवढं बदला. ते मागच्यापेक्षा तिप्पट वेगाने फिरतं, त्यामुळे आधी तेच जातं.

चौथं, चाक तिरकं असणं. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू चकचकीत दिसत असेल किंवा चेनच्या आतल्या पट्ट्यांवर एका बाजूने घासल्याच्या खुणा असतील तर चाक सरळ नाही. स्विंगआर्मवरच्या रेघांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, विशेषतः गाडी एकदा जोरात पडली असेल तर. पिव्हट बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. मग मागून, चेनच्या वरच्या बाजूला डोळा लावून पुढे बघा. चेन स्प्रॉकेटपासून सरळ रेषेत गेली पाहिजे. अ‍ॅक्सल नट आवळताना चाक सरकतं, म्हणून आधी मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये खालून कापडाची घडी घालून चाक थोडं पुढे फिरवा. अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतो. तसंच धरून नट आवळायचा आणि मग कापड काढायचं. स्विंगआर्मवरचा रबरी स्लायडर आणि मागचं चेन गाइडही बघून घ्या. गाइड दगडाला लागून वाकलं असेल तर ते चेनला रोज एका बाजूला ढकलत असतं.

धुणं आणि ऑइल

चिखलातून आल्यावर बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. वॉशिंग सेंटरवर गेलात तर फवारा चेनवर आणि हबवर रोखू नका असं आधीच सांगा. तो दाब रिंगेच्या फटीतून पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो. पाण्याने माती गेली की कापडावर किंवा ब्रशवर रॉकेल घेऊन चेन चारही बाजूंनी पुसा. रॉकेल मिळत नसेल तर ओ-रिंगसाठी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला चेन क्लीनर घ्या. पेट्रोल नको, त्याने रबर खराब होतं आणि आगीचा धोका आहेच. तारेचा ब्रशही नको. खाली जुने पेपर पसरा, मळकं रॉकेल सोसायटीच्या गटारात सोडू नका.

चेन पूर्ण कोरडी झाली की ऑइल. ९० नंबरचं गिअर ऑइल आपल्या हवेला उत्तम. पावसाळ्यात तर महागड्या स्प्रेपेक्षा मला तेच भरवशाचं वाटतं, कारण ते वाहून गेलं तरी पुन्हा लावायला जीवावर येत नाही. खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, रोलर आणि पट्टी यांच्या मधल्या फटीत, थेंब थेंब सोडत चाक फिरवा. फिरताना ते बाहेरच्या बाजूला आपोआप पसरतं. रात्री लावून सकाळी जास्तीचं पुसून टाका. राइडला निघायच्या पाच मिनिटं आधी लावलेलं ऑइल रिमवर आणि टायरवर उडतं, आणि टायरच्या कडेला ऑइल म्हणजे वळणावर घसरगुंडी. साध्या, रिंग नसलेल्या चेनला हे सगळं दुप्पट वेळा करावं लागतं, कारण तिच्यात बाहेरून जाईल तेवढंच वंगण.

स्प्रॉकेट किती दात्यांचं?

सैल चेनच्या तक्रारीत हा विषय येतो कारण ऑफ-रोडला लागलेला प्रत्येकजण कधी ना कधी पुढचा एक दात कमी करतो. खर्च कमी, काम अर्ध्या तासाचं आणि फरक लगेच जाणवतो. पण किंमत चेन मोजते.

समजा पुढे १३ आणि मागे ४० दाते आहेत. गुणोत्तर (मागचे भागिले पुढचे) ३.०८. पुढे १२ केले तर ३.३३, म्हणजे ओढ ८ टक्क्यांनी वाढली आणि त्याच वेगाला इंजिन ८ टक्के जास्त फिरणार. जिथे ५,५०० आरपीएमवर गाडी निवांत चालत होती तिथे आता जवळजवळ ६,०००. जवळपास तोच फरक मागे तीन दाते वाढवून, ४३ करून मिळतो: ३.३१. पुढचा एक म्हणजे मागचे तीन, हा हिशेब लक्षात ठेवा.

मग फरक कशात? छोट्या स्प्रॉकेटवर प्रत्येक कडीला जास्त वाकावं लागतं: १३ दात्यांवर साधारण २८ अंश, १२ वर ३० अंश. शिवाय चेन दात्यांवरून गोल न जाता बहुकोनासारखी जाते, त्यामुळे तिचा वेग दर दात्यागणिक किंचित कमी-जास्त होतो. हा चढउतार १५ दात्यांना सुमारे २.२ टक्के, १३ ला २.९, १२ ला ३.४ आणि ११ ला ४ टक्के. हीच ती कमी वेगातली थरथर. व्यास कमी झाल्यामुळे तेवढ्याच इंजिनच्या जोराला चेनवरचा ताण वाढतो, आणि चेन स्विंगआर्मच्या स्लायडरवर जास्त टेकून घासते. आणखी एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. १०८ कड्यांच्या चेनवर १२ दात्यांचं स्प्रॉकेट असेल तर १०८ ला १२ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे एका दात्याला आयुष्यभर त्याच ९ कड्या भेटतात. एक कडी जाम झाली की ती नेमके तेच दाते ठोकत राहते. १३ दाते असतील तर प्रत्येक दात्यावर सगळ्या १०८ कड्या आळीपाळीने येतात आणि झीज वाटली जाते.

म्हणून निवडीचा निकष मी असा ठेवतो. तुमच्या नेहमीच्या अवघड चढावर, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून गाडी चढवावी लागते का? क्लचचा जळका वास येतो का? उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिन गाडीला पुरेसं धरून ठेवत नाही, सतत ब्रेक लागतो, असं होतं का? असेल तर गिअरिंग खाली आणायची खरी गरज आहे. राजमाचीची वाट पावसाळ्यानंतर, किंवा मढे घाटाकडचे दगडी चढ सामान लादून करणाऱ्याला ते पटेल. पण आठवड्यातले पाच दिवस हिंजवडी आणि एखादा रविवार पानशेत असं असेल तर मूळ दाते तसेच ठेवा आणि चढाला क्लच नीट वापरायला शिका. गिअरिंगची परीक्षा घ्यायला शहरातल्या टेकड्यांवर मात्र गाडी घालू नका. वेताळ टेकडी पायी फिरणाऱ्यांची आणि मोरांची आहे.

गरज असेल तर आधी स्वस्तात पुढचा एक दात कमी करून महिनाभर बघा, चेन अजून निम्म्या आयुष्यात असताना. पटलं तर पुढचा सेट घेताना पुढचे दाते मूळ ठेवून मागचे तीन वाढवा आणि कायमचं तेच ठेवा. पुढे ११ लावण्याच्या भानगडीत पडू नका. मागचे दाते वाढवले की चेनची लांबी तपासा: दर एका दात्यामागे अ‍ॅक्सल पाव कडीइतका पुढे येतो, म्हणजे ४२८ ला ३ आणि ५२० ला ४ मिलिमीटर. तीन दात्यांना साधारण १० ते १२ मिलिमीटर. अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर दोन कड्या जास्तीची चेन लागेल. काही गाड्यांत स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून वेग घेतो. तिथे दाते बदलले की काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो. वॉरंटीतल्या गाडीचं कागद वाचूनच काय ते ठरवा.

मागचं स्प्रॉकेट पोलादीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं असतं आणि शर्यतीत त्याला अर्थ आहे, पण आपल्या चिखलात ते लवकर खाल्लं जातं.

खरेदी आणि फिटिंग

नाना पेठेत (पुण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात) जाताना जुनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट पिशवीत घालून न्या. काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की मॉडेलच्या वर्षावरून गोंधळ होतो, नमुना समोर ठेवला की होत नाही. चेनच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि नंबर ठसठशीत कोरलेला असतो, प्रत्येक काही कड्यांवर एकसारखा. ठसा पुसट किंवा वाकडातिकडा असेल तर परत द्या. ४२८ आणि ५२० ची अदलाबदल होत नाही. ५२० आणि ५२५ ची कडी सारख्याच लांबीची असली तरी रुंदी वेगळी असते, त्यामुळे स्प्रॉकेटही त्याच नंबरचं हवं. बाहेरून रबरी रिंगा दिसतायत का ते कडी थोडी वाकवून बघा, "ओ-रिंगच आहे" या शब्दावर जाऊ नका.

लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला बघताना पुढे. उलटी बसली तर एखादी काटकी किंवा दगड तिला उघडू शकतो. रिव्हेटचं लॉक जास्त सुरक्षित, फक्त ते हातोड्याने ठोकून नाही, टूलने बसवून घ्या. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट आणि तिचे बोल्ट नवीन घ्या.

जंगलात जाताना सोबत त्याच नंबरचं एक जास्तीचं लॉक, चेन तोडायचं छोटं टूल, पक्कड आणि अ‍ॅक्सलचा पाना ठेवा. चेन उतरून पुढच्या स्प्रॉकेट आणि इंजिनच्या मध्ये अडकली तर गाडी ढकलून किंवा किक मारून सोडवायचा प्रयत्न करू नका, इंजिनची केस तडकते. कव्हर काढा, अ‍ॅक्सल ढिला करून चाक पुढे घ्या आणि चेन हाताने मोकळी करा.

नवीन सेट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा बसतो आणि खेळ वाढतो. ते साहजिक आहे. त्यानंतर एकदा खेळ तुमच्या आकड्यावर आणा, नेलपॉलिशची रेघ नव्याने ओढा आणि २० कड्यांचं माप तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजल्यावर ते माप तसंच असेल आणि तरीही चेन सैल वाटत असेल, तर चेनला हात न लावता अ‍ॅक्सलपासून तपासणी सुरू करा.